जानेवारीचं माप

१० जानेवारी, मंगळवार

ही वही कारखान्यातली आहे. अर्धी भरली म्हणून कुणीतरी टाकून दिली होती, मी उचलून आणली. पुढच्या पानांवर जुन्या ड्रेसची मापं आहेत, मी मागच्या बाजूनं सुरुवात करते आहे. लिहायचं कारण एवढंच की कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही आणि कुणाला सांगायचं नाही असं ठरलंय. नवऱ्याला माहीत आहे, डॉक्टरीणबाईंना माहीत आहे, आता या वहीला.

मला दिवस गेलेत. आठवा आठवडा.

मागच्या वेळी सातव्या आठवड्यातच मी अख्ख्या कारखान्याला सांगून मोकळी झाले होते. अकराव्यात सगळं संपलं. मग एकेकाला गाठून पुन्हा सांगावं लागलं. त्यातून एक जण राहून गेला, दोऱ्याची रिळं आणून देणारा. तो दोन महिन्यांनी आला आणि सगळ्यांसमोर हसत म्हणाला, "काय, पाहुणा कधी येतोय?" मी रिळं मोजत होते. तशीच मोजत राहिले आणि तीनदा चुकले.

म्हणून या वेळी विसाव्या आठवड्यातली मोठी तपासणी होईपर्यंत तोंडाला कुलूप. चार एप्रिल. तोवर जे काही सांभाळायचं ते कपड्यांनी सांभाळायचं, आणि कपड्यांवर खर्च करायचा नाही. नवऱ्याचं लिफ्ट दुरुस्तीचं काम आठवड्यात तीन दिवसांवर आलंय.

अडचण अशी की जिथे लपवायचं तिथे माझं पोटच नोकरीला आहे. एरवी मी तयार माल तपासते, लोंबणारे दोरे कापते. पण दर मंगळवारी मी 'माप' असते. आमच्याकडे बायकांचे ड्रेस शिवतात, आणि मध्यम आकाराच्या तक्त्यात जे छापलंय, छाती छत्तीस, कंबर तीस, खाली अडतीस, तेच नेमकं माझं माप. नवा नमुना आधी माझ्या अंगावर चढतो. कटिंग मास्तर भोवती एक फेरी मारतात, "ठीक" म्हणतात, आणि मग त्यावरून चारशे बायकांचे ड्रेस कापले जातात. याचा मला वेगळा भत्ता मिळतो. कारखान्यात माझं नावही 'मिडियम'च पडलंय.

मिडियम किती दिवस मिडियम राहील, हे बघायची मला भीती आहे आणि खरं सांगायचं तर उत्सुकताही आहे.


३१ जानेवारी, मंगळवार

अकरावा आठवडा. सकाळी उठल्याउठल्या टेप लावली, पावणेएकतीस. पाऊण इंच म्हणजे किती, तर करंगळीच्या एका पेराएवढं. पण कारखान्यात पाऊण इंच म्हणजे माल परत.

नमुना आज निळा, पाठीला चेन. मास्तर चेन वर घ्यायला लागले तशी मी श्वास आत ओढून धरला. चेन कमरेशी जरा अडली, मग गेली. मास्तर थांबले. खडू कानामागे ठेवला, पुन्हा काढला. मग "ठीक" म्हणून निघून गेले.

मास्तरांना काही कळलं नाही. चाळीस वर्षं कापड कापणाऱ्या माणसाला फसवलं म्हणून मी दिवसभर खुशीत होते. मळमळ होतच होती, पण खुशीत.


५ फेब्रुवारी, रविवार

बारावा लागायला दोन दिवस. अकरावा पार पडत आलाय. याविषयी आणखी काही लिहीत नाही.

आज गरोदर बायकांच्या कपड्यांच्या दुकानात गेले होते. घ्यायला नव्हे, बघायला. मला कुठलाही कपडा उलटा करून आतून बघायची खोड आहे. काचेतला राखाडी ड्रेस उतरवून मागितला आणि आत डोकं घातलं. छातीखाली एक पट्टी, त्याखाली चुण्या, दोन्ही कडांना ताणणारं कापड, बस. एवढ्याशा युक्तीला जी किंमत लावली होती ती वाचून मी चिठ्ठी परत उलटी केली.

"कितवा महिना?" दुकानातल्या मुलीनं विचारलं.

"वहिनीसाठी बघते आहे."

"बरं. वहिनींना म्हणावं, आत्ता घेताना मोठाच घ्या. म्हणजे शेवटपर्यंत जातो."

शेवटपर्यंतचं मी काही घेणार नाही आणि शिवणारही नाही. मागच्या वेळी उत्साहानं एक भला मोठा ड्रेस शिवून ठेवला होता, पिवळ्या ठिपक्यांचा. नंतर तो उसवला आणि त्याच्या उशांच्या खोळी केल्या. रोज त्यांच्यावरच झोपतो आम्ही. या वेळी ज्या आठवड्याला जे लागेल तेवढंच. पुढच्या महिन्याचं पुढच्या महिन्यात.


७ फेब्रुवारी, मंगळवार

कंबर एकतीस. आज चेन अडणार म्हणून आदल्या दिवसापासून पोटात गोळा आला होता (तो वेगळा गोळा). श्वास धरला, डोळे मिटले. चेन सरसर वर गेली!

याचा अर्थ काय? मला वाटतं श्वास धरणं ही सरावाची गोष्ट आहे. किंवा आजचं कापड सैल विणीचं असेल. मी बोटांनी चाचपून बघणार होते, पण मास्तरांनी लगेच ड्रेस उतरवून मागितला.

दुसरं एक. अडगळीच्या खोलीतला जुना पुतळा कुणीतरी पुसून मास्तरांच्या टेबलाशेजारी आणून उभा केलाय. एक हात नाही त्याला, पण कमरेला टाचण्या टोचलेल्या दिसल्या. माझ्या जागेवर त्याला घेणार की काय? पुतळ्याला भत्ता द्यावा लागत नाही. घरी येईपर्यंत त्या थोट्या बाईचा मला राग येत राहिला.


९ फेब्रुवारी

प्रयोग पहिला. नवऱ्याचा पांढरा शर्ट, बटणं उघडी, आत माझा काळा बनियनवजा टॉप. शर्टाच्या दोन कडा दोन सरळ रेघांसारख्या उतरतात, मधे काळी पट्टी उरते, आणि बघणाऱ्याला फक्त पट्टीची रुंदी दिसते. बाकी मी शर्टात कुठेतरी. गळ्यात जुन्या पडद्याच्या झालरीचा केशरी स्कार्फ, गाठ डाव्या खांद्यावर.

संध्याकाळी नवऱ्याला डोळे मिटायला लावले आणि विचारलं, "मी काय घातलंय?"

"केशरी काहीतरी."

"आणि?"

"आणि माझा शर्ट. तो मी उद्या घालणार होतो गं."

पण केशरी आधी म्हणाला! म्हणजे डोळा बोलावू तिकडे जातो. कारखान्यातही तेच झालं. काजांच्या मशीनवरच्या मावशी म्हणाल्या, "आज काय थाट आहे मिडियमचा!" आणि मास्तरांनी चष्म्यावरून बघत म्हटलं, "बघणाऱ्यानं कुठं बघायचं, हे कपडाच सांगतो. शिकलीस तू." ते धंद्यातलं सांगत होते, पण मला मनात हसू फुटलं. माझ्याच पोटावरचं पांघरूण आणि मलाच शाबासकी.


१६ फेब्रुवारी

पँटचं बटण लागत नाही. केसांचं रबर काजातून ओवून बटणाला अडकवलं की दीड इंच मिळतो. वर लांब शर्ट असला की कुणाच्या बापाला कळत नाही. शोध कुणी लावला असेल? माझ्याआधी कुठल्या तरी बाईनं असंच आरशासमोर उभं राहून रबर हातात घेतलं असणार.


२१ फेब्रुवारी, मंगळवार

चौदावा. साडेएकतीस.

मास्तर कंजूष होत चाललेत. पूर्वी ट्रायल झालेले नमुने दांडीवर टांगलेले असायचे आणि महिनाअखेरीला आम्हाला अगदी कवडीमोलानं मिळायचे. मी त्यावरच डोळा ठेवून होते, कारण हल्लीचे नमुने मला छान बसतात. आज विचारलं, तर म्हणाले, "नमुने आता मिळायचे नाहीत." आणि आजचा ड्रेस घडी करून आपल्या कपाटात टाकला, कुलूप लावून किल्ली खिशात.

"कपाटात ठेवून अंडी उबवणार आहात का मास्तर?" मी म्हटलं. मावशी इतक्या हसल्या की त्यांचं काज वाकडं गेलं. मला तर त्यात एवढं हसण्यासारखं काही वाटलं नाही.

जाऊ दे. घरी येऊन दोन कटपीस जोडले, एक हिरवा, एक हिरव्याच्या जवळचा. खालची कड मुद्दाम तिरपी ठेवली, डावीकडे लांब. कड वाकडी असली की लोक कडेकडे बघतात. अडीच तासांत फॅशन तयार.


२८ फेब्रुवारी, मंगळवार

मॅडमनी नवा नियम काढलाय. मॅडम म्हणजे कारखान्याच्या मालकीण, हिशोबाला पक्क्या, चहासुद्धा घड्याळ बघून पितात. नियम असा की नमुना अंगावर चढवला की 'माप' असलेल्या व्यक्तीनं अर्धा तास खुर्चीत बसायचं. "गिऱ्हाईक दिवसभर उभं थोडंच राहतं? बसल्यावर ड्रेस कसा पडतो ते कळायला हवं."

इतक्या वर्षांत कुणाला कसं सुचलं नाही! मी अर्धा तास पाय लांब करून बसले, खाली लाकडी खोकंही दिलं होतं, 'घेर नीट पडावा म्हणून'. बसल्या बसल्या निरीक्षण केलं आणि मॅडमना सांगितलं की मागच्या शिवणीला चूण पडते. त्यांनी गंभीरपणे लिहून घेतलं. चांगली कल्पना उचलून धरली की माणसं मान देतात.


३ मार्च

मावशींना या वयात व्यायामाचं वेड लागलंय. तयार मालाची गाठोडी उचलणं माझं काम, तर त्या मशीन सोडून धावत येतात. "सोड, सोड, डॉक्टरांनी मला वजन उचलायला सांगितलंय." साठीच्या बाईला असं सांगणारा डॉक्टर कोण, ते कळायला हवं. शिवाय मधल्या सुट्टीत त्या आता डबा बाहेर जिन्यात बसून खातात. मला त्यांच्या डब्यातल्या सुक्या मासळीच्या वासानं हल्ली कसंतरी व्हायचं, त्यामुळे बरंच झालं. हवा आवडते म्हणे.


१४ मार्च, मंगळवार

सतरावा. तेहतीस! आणि तरीही नमुना बसला. माझा श्वास धरण्याचा दम आता एखाद्या पोहणाऱ्या बाईएवढा झाला असेल.

नवऱ्यानं स्वतःसाठी शर्ट घेतला, बारीक उभ्या रेघांचा, सुंदर. पण दोन नंबर मोठा. मी डोक्याला हात लावला. "लग्नाला सहा वर्षं झाली, बायको कपड्यांच्या कारखान्यात, आणि तुला अजून स्वतःचं माप माहीत नाही?" तो म्हणाला, "आता परत घेत नाहीत. असू दे, तूच घाल." उभ्या रेघा म्हणजे माझ्या सोयीच्याच. घातला. या माणसाला एकट्याला दुकानात पाठवायची सोय नाही.

तीन आठवडे उरले. रोज सकाळी टेप लावते तेव्हा आकडा वाढलेला बघून आधी आनंद होतो, मग मंगळवार आठवतो.


२१ मार्च, मंगळवार

आज दोन गोष्टी घडल्या आणि दोन्ही एकदमच घडल्या. क्रमानं लिहायचा प्रयत्न करते.

नमुना मोठ्या ऑर्डरचा होता. गडद जांभळा, पुढून साधा, पाठीला चेन. चारशे नग, उद्या सकाळी कापायचे. मी आरशासमोर उभी राहिले, मास्तर मागे गेले, आणि मी श्वास आत घेणार तेवढ्यात आतून काहीतरी झालं. कसं सांगू? पातळ कापडाखालून कुणी एक बोट फिरवावं तसं. मी दचकले. पुन्हा झालं, त्याच जागी. मी तोंड उघडं टाकून उभीच राहिले, श्वास धरायचा पार विसरले. हसत होते बहुतेक.

"ठीक," मास्तर म्हणाले. चेन वर गेलेली होती.

दिवसभर मी तरंगत होते. वाटेत दोनदा थांबून पोटावर हात ठेवला. घरी नवऱ्याला सांगितलं तर तो कान लावून बसला, त्याला काही ऐकू येईना, तरी "हो, हो" म्हणत राहिला.

मग चहा टाकताना डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी श्वास धरला नव्हता. माझी कंबर आज चौतीस आहे. आणि तीस इंचांचा ड्रेस मला बसला, नुसता बसला नाही तर आत दोन बोटं जागा होती.

म्हणजे तो ड्रेस तीस इंचांचा नाही. मास्तरांचा टेपपेक्षा माझ्या अंगावर विश्वास. माझ्या अंगाकडे बघून त्यांचा हात आपोआप सैल कापत गेला असणार, दर मंगळवारी थोडा थोडा. टेप तर त्यांनी कित्येक आठवडे माझ्याभोवती लावलेलीच नाही. आणि उद्या सकाळी त्याच पुठ्ठ्याच्या फर्म्यावरून चारशे ड्रेस कापले जाणार, प्रत्येक चार इंचांनी मोठा. एकही विकला जाणार नाही. मॅडम बुडतील, आणि मास्तरांची चाळीस वर्षं एका दिवसात हसण्यावारी जातील.

आणि हे थांबवायचं तर सांगावं लागेल. तपासणीला अजून चौदा दिवस आहेत.

नवरा म्हणाला, "फोन करून नुसतं सांग की माप पुन्हा तपासा."

"आणि का म्हणून विचारलं तर?"

त्यानं उतू चाललेला चहा खाली उतरवला. मग म्हणाला, "तुला काय वाटतं?"

मला भीती वाटते. सांगितलं की दृष्ट लागते असं मी मानत नाही, मी अडाणी नाही. पण सांगितलं की परत घ्यावं लागू शकतं, एकेकाकडून. ते मी एकदा केलंय. ते पुन्हा जमायचं नाही मला.


२२ मार्च, बुधवार

सकाळी सव्वाआठलाच पोचले, तरी उशीर झाला होता. लांब टेबलावर जांभळ्या कापडाचे थर अंथरून झाले होते, वर फर्मा ठेवून खडूनं आखलेलं, आणि मास्तरांनी कापायचं मशीन हातात घेतलं होतं. मॅडम शेजारी उभ्या.

मी दारातूनच ओरडले, "थांबा! कापू नका. माप चुकलंय."

मास्तरांनी मशीन खाली ठेवलं. सगळी मशीनं एकेक करून बंद पडली.

"फर्मा चुकलेला नाही," मास्तर म्हणाले.

"चुकलाय. माझंच माप चुकलंय. मी तीस नाही राहिले. मी चौतीस आहे." आता थांबणं शक्य नव्हतं. "मला दिवस गेलेत. अठरावा आठवडा आहे. मी लपवलं. मी दर मंगळवारी श्वास धरत होते, म्हणून तुम्हाला कळलं नाही. माझ्यामुळे सगळं सैल कापलं गेलंय."

काजांच्या मशीनमागून मावशींचा आवाज आला.

"सांगितलंस एकदाचं! आता ती गाठोडी उचलायला दुसरं कुणीतरी बघा बाई. कंबर मोडली माझी."

मी त्यांच्याकडे बघत राहिले.

मास्तरांनी फर्मा उचलून त्याचा कोपरा माझ्यासमोर धरला. निळ्या पेन्सिलीनं तारीख होती, २४ जानेवारी. खाली छत्तीस, तीस, अडतीस. "हे तुझं जानेवारीचं माप. त्यानंतर तुझ्यावरून एकही फर्मा काढलेला नाही. सगळे त्या पुतळ्यावरून काढले. कमरेला थोडं फडकं गुंडाळावं लागलं तिच्या, बारीक होती तुझ्यापेक्षा."

"पण तुम्हाला कसं..."

"एकतीस तारखेला तू श्वास धरलास. तीन वर्षांत कधी धरला नव्हतास."

"मग मी दर मंगळवारी घालत काय होते?"

मास्तरांनी खिशातून किल्ली काढली. कपाट उघडलं. आत सात ड्रेस ओळीनं टांगलेले होते, प्रत्येकाच्या गळ्याला तारखेची चिठ्ठी. सात फेब्रुवारीपासून कालच्यापर्यंत. प्रत्येक आधीच्यापेक्षा थोडा मोठा. तागे संपल्यावर उरणाऱ्या तुकड्यांचे होते सगळे, पण जोड असे बेमालूम की बाहेरून कळूही नये. मी सवयीनं एक उलटा केला. आत शिलाईसाठी दोन-दोन बोटं कापड सोडलेलं, लागेल तसं सैल करता यावं म्हणून. काजं हातानं केलेली. ती काजं मी कुठेही ओळखीन, मावशींची.

"दुसऱ्या कुणाला येणार आहेत हे? तुझ्याच मापाचे आहेत," मास्तर म्हणाले. "दांडीवर टांगले असते तर कुणीतरी घेऊन गेलं असतं. म्हणून कुलूप."

"सांगितलं का नाही मला?"

मास्तर खडू चोळत राहिले. उत्तर मावशींनी दिलं. "मागच्या वेळी तुला दोनदा सांगावं लागलं होतं. या वेळी तू सांगशील तेव्हाच आम्हाला कळेल, असं आम्ही ठरवलं."

मी मॅडमकडे वळले. त्यांना माहीत असणं शक्यच नव्हतं, भत्ता चालूच होता ना. म्हटलं, "मॅडम, भत्ता मी परत..."

"कशाबद्दल? ट्रायल तर दर मंगळवारी झाली," मॅडम म्हणाल्या. "आणि बसून बघितल्यावर मागे चूण पडते, ते खरंच निघालं."

तेव्हा कुठे खुर्ची, खोकं, जिन्यातला डबा, सगळं एकापाठोपाठ एक डोक्यात आलं. मी इतकी शहाणी समजत होते स्वतःला! लाज वाटली, आणि लाजेच्या खाली काहीतरी ऊबदारही वाटलं.

मग माझं लक्ष कपाटाच्या टोकाला गेलं. सातानंतर आणखी चार होते, चिठ्ठ्या नसलेले. मी पहिला काढून अंगाला लावला. पुढे मोकळं कापड लोंबत राहिलं. त्यापुढचा आणखी मोठा, आणि शेवटचा तर केवढा, गडद निळा.

"हे कुणाचे?"

"तुझेच," मास्तर म्हणाले. "पुढचे अंदाजानं कापलेत. माझ्या बायकोची तिन्ही वेळची मापं अजून डोक्यात आहेत."

शेवटच्या दोन ड्रेसना पुढून कमरेपर्यंत बटणं होती. एक, दोन, तीन, सात बटणं. ट्रायलच्या ड्रेसना तर पाठीला चेन असते. "यांना पुढून का?"

"अगं, पाजायला नको का?" मावशी म्हणाल्या. "नंतर."

नंतर. जानेवारीपासून हा शब्द मी तोंडातून काढला नव्हता. मनातसुद्धा चार एप्रिलच्या पलीकडे गेले नव्हते. आणि इथे हे लोक मापटेप घेऊन केव्हाचे पलीकडे जाऊन बसले होते. मी तो निळा ड्रेस तोंडावर धरला आणि रडले. चांगली मोठ्यानं रडले, नवा ड्रेस ओला केला.

"चारशे नग कापायचेत आज," मॅडम घड्याळाकडे बघत म्हणाल्या. "रडून झालं की तपासणीच्या टेबलावर ये. बसूनच तपासायचं."

मशीनं सुरू झाली.


२५ मार्च

रिळांचा माणूस आला होता. मी स्वतःच उठून त्याला सांगितलं. तो म्हणाला, "हो का! वा!" आणि मग मावशींकडे बघून डोळा घातला. म्हणजे यालाही माहीत होतं. एकूण सगळ्या जगात माहीत नसलेली मी एकटीच.


४ एप्रिल, मंगळवार

आज कारखान्यात गेले नाही. ट्रायल पुतळ्याची होती.

तपासणीला काय घालायचं याचा दोन दिवस विचार केला. शेवटी सतराव्या आठवड्याचा ड्रेस, दोन्ही बाजूंनी एकेक बोट सैल केलेला, वर नवऱ्याचा रेघांचा शर्ट, आणि केशरी स्कार्फ पर्समध्ये. डोळा दुसरीकडे बोलवायची आज गरज नव्हती.

खोलीत थंड होतं. डॉक्टरीणबाई पडद्याकडे बघत टकटक मापं घेत होत्या, डोक्याचा घेर, पोटाचा घेर, मांडीचं हाड. नवऱ्यानं माझा हात इतका घट्ट धरला होता की बोटं बधिर झाली. मला राहवेना. मी विचारलं, "माप कसं आहे?"

"अगदी मध्यम," त्या म्हणाल्या. "विसाव्या आठवड्यात असायला हवं तसंच. सगळं ठीक आहे."

मी हसायला लागले आणि थांबता येईना. त्यांना कळेना काय झालं. नवऱ्यानं सांगायचा प्रयत्न केला पण तो रडत होता, त्यामुळे त्यांना आणखीच कळेना. जाताना तिथल्या नर्सनं विचारलं, "ड्रेस कुठून घेतला हो? माझ्या बहिणीला हवाय असा." मी म्हटलं, असा एकच आहे.

घरी आल्यावर शेवटचा निळा बाहेर काढला. कारखान्यातून आणल्यापासून पिशवीतच होता, हात लावला नव्हता. आज घातला. पुढे भली मोठी रिकामी जागा. मी ती मुठीत धरून आरशासमोर वळून वळून बघत होते. मास्तरांनी घेर नेमका कुठून सोडलाय ते बघायचं होतं. छातीखाली नव्हे, खांद्यापासून सोडलाय. म्हणून तो पडतो इतका छान. हे मला सुचलं नसतं.

नवरा दारात येऊन उभा राहिला.

"फार मोठा होतोय गं तुला."

"हो," मी म्हटलं. "होईल बरोबर."

मग तो काढून इस्त्री केला आणि दाराच्या खिळ्याला टांगला, येताजाता दिसेल असा.